सबस्टन्स पी पेप्टाइडच्या सदोष कुप्या आणि चुकीच्या माहितीपत्रकाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
गुणवत्ता व ग्राहक सेवा विभाग

विषय: फ्रीज-ड्राय (गोठवून वाळवलेल्या) सबस्टन्स पी च्या १ मिलिग्रॅमच्या पाच कुप्या बदलून मिळणे आणि माहितीपत्रक दुरुस्त करणे.

महोदय/महोदया,

जुलैमध्ये मागवलेल्या सबस्टन्स पी या पेप्टाइडच्या (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या) पाच कुप्यांपैकी दोन आमच्याकडे पोहोचल्या तेव्हाच बिघडलेल्या होत्या. उरलेल्या तीन आपल्या माहितीपत्रकाप्रमाणे वापरल्या तर त्याही बिघडतील.

त्या दोन कुप्यांत पांढऱ्या, फुललेल्या भुकटीऐवजी तळाला चिकटलेला काचेसारखा पारदर्शक पापुद्रा आहे. ॲल्युमिनियमची टोपी बोटाने सहज फिरते, म्हणजे रबरी बूच घट्ट बसलेलेच नाही. खोक्यात सिलिका जेलची एकही पुडी नव्हती. माल बर्फाविना आला याबद्दल आमची तक्रार नाही. कोरडी भुकटी चार दिवसांचा प्रवास सोसते. ओल मात्र सोसत नाही. हे पेप्टाइड टीएफए (ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्ल) क्षाराच्या रूपात येते, तो क्षार हवेतले पाणी ओढून घेतो, आणि दिवस पावसाळ्याचे होते.

आता वजनाबद्दल. प्रमाणपत्रात 'शुद्धता ९८ टक्के' आहे, पण निव्वळ पेप्टाइड किती याचा उल्लेख नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एचपीएलसीची (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीची) शुद्धता म्हणजे इतर पेप्टाइडांच्या तुलनेत हे पेप्टाइड किती. क्षार आणि पाणी त्यात मोजलेच जात नाही. सबस्टन्स पी वर तीन धन भार असतात: आर्जिनिन, लायसिन आणि मोकळे एन-टोक (साखळीचे सुरुवातीचे टोक). प्रत्येकासोबत ११४ रेणुभाराचा एक टीएफए येतो. पेप्टाइडचा रेणुभार १३४७.६, तीन टीएफएंचे ३४२. म्हणजे भुकटी अगदी कोरडी धरली तरी १ मिलिग्रॅममध्ये पेप्टाइड जास्तीत जास्त ०.८ मिलिग्रॅम. आपले पत्रक सांगते, ७४२ मायक्रोलिटर घाला, १ मिलिमोलर (लिटरला सुमारे १.३५ ग्रॅम पेप्टाइड) द्रावण होईल. प्रत्यक्षात होते ०.८ मिलिमोलर किंवा त्याहून कमी, आणि पुढची प्रत्येक पातळ मात्रा त्याच प्रमाणात चुकते.

सर्वांत गंभीर चूक द्रावकाची आहे. पत्रकात सगळ्या पेप्टाइडांसाठी एकच ओळ छापली आहे: 'डीएमएसओमध्ये विरघळवून जोरात हलवा, ४ अंशांवर महिनाभर ठेवा.' (डीएमएसओ हा एक सेंद्रिय द्रावक.) सबस्टन्स पी ची अमिनो आम्लांची साखळी १९७१ पासून माहीत आहे. अकरा घटक, शेवटचा मेथिओनिन. डीएमएसओ मेथिओनिनच्या गंधकाला ऑक्सिजन जोडू शकतो. पत्रकाप्रमाणे केलेल्या द्रावणात दहा दिवसांनी एचपीएलसीवर मुख्य शिखराच्या थोडे आधी दुसरे शिखर दिसले. त्याचे वस्तुमान १६ ने जास्त आहे. हा सल्फॉक्साइडच, म्हणजे मेथिओनिनला ऑक्सिजन जोडला गेलेले पेप्टाइड. त्याच लॉटचे (एकाच वेळी बनवलेल्या मालाचे), सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात करून गोठवलेले द्रावण स्वच्छ राहिले. रिसेप्टरला (पेशीवरच्या, हे पेप्टाइड ओळखणाऱ्या रेणूला) जोडले जाण्यासाठी हेच शेवटचे टोक लागते, त्यामुळे ही किरकोळ अशुद्धी म्हणून सोडून देता येत नाही.

धन भाराच्या या पेप्टाइडला डीएमएसओची गरजच नाही. पत्रकात असे हवे: बंद कुपी फ्रीझरमधून काढून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) खोलीच्या तापमानाला येऊ द्या, घाई केल्यास थंड भुकटीवर दव धरते. बुचाला चिकटलेली भुकटी खाली यावी म्हणून सेंट्रिफ्यूज थोडा वेळ फिरवा, मगच उघडा. ०.०५ मोलर अ‍ॅसेटिक आम्ल (१०० मिलिलिटरमध्ये ग्लेशियल आम्ल ०.२९ मिलिलिटर) वापरण्याआधी पंधरा मिनिटे त्यातून नायट्रोजन सोडा. ते कुपीच्या भिंतीवरून सावकाश ओता आणि कुपी हलक्या हाताने फिरवा. फेस आणू नका. हे द्रावण, पेप्टाइड कमी चिकटते अशा पॉलिप्रॉपिलीन नळ्यांत ५०-५० मायक्रोलिटर वाटून उणे ८० अंशांवर ठेवा. उणे २० चा फ्रीझर वापरायचा तर तो आपोआप डीफ्रॉस्ट होणारा नसावा, कारण त्यात द्रावण पुन्हा पुन्हा वितळते. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवू नये. फार पातळ द्रावणात ०.१ टक्का बीएसए (गायीच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) घातला नाही तर पेप्टाइड नळीच्या भिंतीलाच चिकटून राहते.

पत्रकात पर्याय म्हणून 'बॅक्टेरिओस्टॅटिक पाणी' सुचवले आहे, तेही काढावे. त्यातले ०.९ टक्के बेंझाइल अल्कोहोल जंतूंची वाढ रोखते, ऑक्सिडेशन थांबवत नाही, शिवाय पेशींच्या प्रयोगात स्वतःच ढवळाढवळ करते. इंजेक्शनसाठीचे हे पाणी सुचवल्याने एखादा ही भुकटी टोचून घेण्याजोगी समजेल, ही आमची खरी काळजी आहे. 'केवळ संशोधनासाठी, माणसांत वापरू नये' ही सूचना आज मागच्या पानावर बारीक अक्षरात आहे. ती कुपीच्या लेबलवर ठळक हवी.

पाचही कुप्या बदलून द्याव्यात. नव्या कुप्या सीलबंद, सिलिका जेलसह याव्यात, आणि लॉटनिहाय प्रमाणपत्रात निव्वळ पेप्टाइड, पाणी व टीएफएचे प्रमाण आणि वस्तुमानाचा आलेख असावा. हाच लॉट ज्यांना गेला त्यांना द्रावकाबद्दलची दुरुस्ती लेखी कळवावी. चुकीच्या द्रावणावर त्यांचेही प्रयोग चालू असतील. सदोष कुप्या उणे २० अंशांवर जपून ठेवल्या आहेत. छायाचित्रे व दोन्ही एचपीएलसी आलेख सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे.

आपले,
प्रयोगशाळा प्रमुख व सहकारी,
जैवरसायन विभाग