दर्शनी भागाचा रंग आणि दुकानांच्या पाट्या : गाळेधारकांसाठी सूचना

दादाभाई नौरोजी रोडवरील आपल्या इमारतीचे रंगकाम पावसाळा संपताच सुरू होईल. दगडावर कुणीही परस्पर ऑइलपेंट मारू नये. आत ओल अडकून दगडाचे पापुद्रे सुटतात. जिन्यालगतचा खांब पाहा, म्हणजे पटेल. रंग फक्त गिलाव्याला आणि लाकडी खिडक्यांना.

पाटी कमानीच्या आतच बसवावी, कमान झाकू नये. याच रस्त्याच्या सुशोभनाचा युनेस्कोने २००४ साली गौरव केला होता. तेव्हा उतरवलेले चकाकते बोर्ड पुन्हा चढवायचे नाहीत. मराठी अक्षरे इतर लिपींपेक्षा लहान नकोत, तो कायदाच आहे.

पाटीचा नमुना मापांसह शनिवारपर्यंत कार्यालयात द्यावा. पालिकेची परवानगी हाती आल्याशिवाय भिंतीला ड्रिल लावू नये.

– चिटणीस