मंत्रीसाहेब, त्या घराला आमची पडवी आहे

मा. कला, संस्कृती आणि वारसा मंत्री, न्यूझीलंड सरकार यांना,

नमस्कार. मराठीत लिहितेय, इंग्रजी करून लेक तुमच्या ऑफिसला मेल करेल, पण आधी आपल्या ऑकलंडच्या मंडळींनी वाचावं म्हणून इथे टाकतेय.

विषय ऑकलंडच्या माउंट अल्बर्ट भागातलं अल्बर्टन. १८६३ साली अ‍ॅलन केर टेलर यांनी बांधलेलं लाकडी घर, वाढत वाढत १८ खोल्यांचं झालं, आता म्युझियम आहे. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या तेव्हा गेलो होतो. खरं तर सॅन्ड्रिंगहॅमला मेथी आणि हिंग आणायला निघालेलो, वाटेत थांबलो इतकंच. सासूबाईंनी समोरचा लांबच्या लांब व्हरांडा आणि कडेचे मनोरे बघितले आणि खांबावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं ही तर पडवी! आणि वर काय, संस्थानिकाचा बंगला?" मी म्हटलं काहीतरीच काय. तर नाही, टेलर जन्मले हिंदुस्थानात, वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत. म्हणजे १८१८ ला आमची पेशवाई बुडवली तीच कंपनी!! सासूबाई हे ऐकून पाच मिनिटं गप्प, जे सहसा होत नाही.

आत मला सगळ्यात आवडले ते जुने वॉलपेपर. कुठे विटलेले, कुठे डागाळलेले, पण तसेच ठेवलेत. आमच्याकडे वाड्याचं म्युझियम करायचं ठरलं की पहिल्यांदा ऑइल पेंटचे डबे येतात, त्यामुळे ते विटके कागद बघून बरं वाटलं. वर चालताना फळ्या कुरकुरतात, तेही छानच.

आणि घरातल्या बायका! सोफिया टेलर, दहा मुलांची आई, नवरा १८९० ला गेल्यावर कारभार बघितला आणि बायकांना मत मिळावं म्हणून उघड बोलायच्या. १८९३ ला इथे तो हक्क मिळाला. मागे उरलेली शेवटची मुलगी म्युरियल १९७२ ला वारली, तिने मृत्युपत्रात घर हिस्टॉरिक प्लेसेस ट्रस्टला दिलं म्हणून आज आपल्याला बघायला मिळतंय, नाहीतर एवढ्या जागेत किती टाउनहाउस उभे राहिले असते हे ऑकलंडकरांना सांगायला नको.

आता मागणं. हेरिटेज न्यूझीलंड, म्हणजे तोच ट्रस्ट आताच्या नावाने, तुमच्या खात्याकडे येतं, तर अशा छोट्या घरांसाठी थोडा वेगळा निधी द्या, आणि त्यातून कोणालातरी ही हिंदुस्थानची बाजू नीट शोधायला लावा. व्हरांड्याची कल्पना कोणी आणली, कंपनीचा पगार या घरात किती मुरला, आणि टेलर यायच्या आधी ओवाइराका (माउंट अल्बर्टचं माओरी नाव) डोंगराच्या या पायथ्याशी कोणाची शेतं होती, हे सगळं एका घडीच्या कागदावर येऊ दे. इंग्रजी आणि माओरीत हवंच, पण हिंदी, तमिळ, मराठीतही करा. भाषांतर आम्ही फुकट करून देतो, मंडळात रिटायर्ड मास्तर चिकार आहेत, शुद्धलेखनावरून भांडतील तेवढंच.

सासूबाई डिसेंबरमध्ये परत येतायत. तोवर झालं तर उत्तम, कारण त्या विचारणार आहेतच.

आपली,
माउंट अल्बर्टची एक भाडेकरू