आई-बाबा, अर्ज दाखल केलाय

पुणे, १४ जून २०२५

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

फोनवर अपघाताचा विषय काढला की बाबा "बरं बरं, तब्येत सांभाळ" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. मग आईला रडू येतं. म्हणून लिहायला बसले. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

आधी महत्त्वाचं. जानेवारीत आईची आणि माझी गाडी ट्रकने मागून ठोकली, त्या अपघाताच्या भरपाईचा माझा अर्ज परवा गुरुवारी वकीलबाईंनी साताऱ्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल केला. त्यात कॉलरबोनचं आहे, बुडालेल्या पगाराचं आहे आणि मनाला झालेल्या दुखापतीचंही आहे. मानसोपचाराचे केसपेपर जोडले आहेत. बाबा, "ते डोक्याचं तेवढं कागदावर नको," असं तुम्ही मला दोनदा सांगितलंत. तुमचा शब्द मी सहसा मोडत नाही. या वेळी मोडला. रागावू नका.

मार्चपासून मी डॉक्टरांकडे जाते आहे, हे तुम्हाला मेमध्ये कळलं. लपवायचं नव्हतं. आईचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं, तिला बोटं वळत नव्हती, त्यात माझं कुठे सांगू असं वाटलं. शिवाय मलाच कळत नव्हतं मला काय होतंय. हाड जुळलं होतं, एक्स-रे चांगला होता, सगळे म्हणत होते देवाने वाचवलं. आणि मी रात्री दोन-तीनदा उठून चिऊच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघत होते. त्या दिवशी तिला ताप होता म्हणून ती गाडीत नव्हती. स्वप्नात मात्र ती रोज मागच्या सीटवर असायची. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की हात गार पडायचे. ऑफिसला जाताना पूल लागू नये म्हणून मी तासभर लांबचा फेरा घ्यायला लागले. चिऊच्या बाबांवर खेकसायचे. एकदा चिऊवर हात उगारला. त्या दिवशी मी स्वतःहून डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी त्याला पीटीएसडी म्हणतात असं सांगितलं. मोठ्या आघातानंतर काही दिवस असं सगळ्यांनाच होतं, पण महिना उलटूनही उतरलं नाही तर उपचार लागतात. शरीराला अजून वाटतंय की ट्रक मागेच आहे. आई, मी झोपेच्या गोळ्या खात नाहीये. रोज सकाळी एक गोळी आहे, ती सवय लावणारी नाही, तिचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती हळूहळू कमी करत बंद करायची आहे. दर बुधवारी समुपदेशक बाईंकडे जाते. त्यांनी मला पायऱ्या आखून दिल्यात. आधी बंद गाडीत दहा मिनिटं बसायचं. मग सोसायटीच्या फाटकापर्यंत. मग नवले पूल. मग कात्रजचा नवा बोगदा. शेवटची पायरी खंबाटकी घाटाची आहे, अपघात झाला तिथली. मी आता नवले पुलापर्यंत आले आहे, चिऊचे बाबा शेजारी बसलेले असतात. बोगद्याची अजून हिंमत होत नाही, पण होईल.

बाबा, मी सात वर्षांची होते. अनंत चतुर्दशीला तुम्ही मला खांद्यावर घेऊन मिरवणूक दाखवलीत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्हाला भूकंप झालेल्या किल्लारीला जायचा हुकूम आला. तुम्ही परत आलात ते दिवाळीच्या तोंडावर. त्यानंतर कितीतरी महिने बाहेरच्या खोलीतला दिवा रात्रभर जळायचा. तुम्ही खुर्चीत बसून असायचात, पायात चपला घालून. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचे आणि तुमच्या मांडीवर येऊन झोपायचे. आई आम्हाला सांगायची, बाबांना काही विचारायचं नाही. आम्ही कधीच विचारलं नाही. मला आता त्या चपलांचा अर्थ कळतो. तुम्हाला तेव्हा कोणी विचारायला हवं होतं. तुम्ही ते एकट्याने काढलंत म्हणून मीही तसंच काढावं, असं तुमच्या मनात नसणार, हे मला माहीत आहे. तुम्हाला मला जपायचं आहे. लोक काय म्हणतील, चिऊच्या शाळेत कळलं तर, नोकरीवर परिणाम झाला तर. ऑफिसात मी साहेबांना सांगितलं आहे. नोकरी आहे.

आता कोर्टाचं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तुम्ही कोरेगावच्या जमिनीपायी भोगलंय, म्हणून तुमची भीती मला समजते. पण हा दावा तसा नाही. समोर भाऊबंद नाहीत. ट्रकला थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो आणि त्या ट्रकची पॉलिसी चालू होती, तेव्हा भरपाई विमा कंपनीने द्यायची आहे. ड्रायव्हरच्या पोराबाळांच्या तोंडचा घास आपण काढत नाही, बाबा. तुम्ही हॉस्पिटलमध्ये त्याच्याही डोक्याची पट्टी बघून आला होतात, ते मी विसरलेले नाही. राष्ट्रीय लोकअदालतीत असे पुष्कळ दावे तडजोडीने मिटतात, तसं झालं तर मीही मिटवीन. पण ते न्यायाधीशांसमोर, कागदोपत्री. ट्रकमालकाचा माणूस चाळीस हजार घेऊन घरी आला आणि तुम्ही "बघू" म्हणालात, तसं नाही. तो पुन्हा आला तर चहा पाजा, पैसे घेऊ नका आणि कुठल्याही कागदावर सही करू नका. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

मनाचं दुखणं कागदावर का, तेही सांगते. वकीलबाईंनी मला सर्वोच्च न्यायालयाचा २०१० सालचा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल दाखवला. जखमी माणसाला कशाकशाची भरपाई द्यायची हे त्यात सांगितलंय. औषधपाणी, बुडालेली कमाई, पुढचे उपचार, आणि त्याच यादीत वेदना, यातना आणि आघात. म्हणजे मी काही वेगळं मागत नाहीये. पण मागायचं तर पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, बिलं. "मला रात्री झोप येत नाही" एवढं नुसतं सांगून कोण मानणार? पैसे किती मिळतील ठाऊक नाही. पण बुधवारची फी आहे, तीन महिने बिनपगारी रजा झाली आहे. आणि खरं सांगू, त्या पंचनाम्यात गाडीचा बंपर, दरवाजा, काचा सगळं मोजून लिहिलंय. आम्हा दोघींना काय झालं, तेही कुठेतरी नीट लिहिलेलं असावं असं मला फार वाटतं.

आई, आता तुझ्याशी. तू पाचवडला म्हणालीस, चहा घेऊ या. मी म्हटलं, आता शिरवळलाच थांबू. थांबलो असतो तर तो ट्रक पुढे निघून गेला असता, हे मी पाच महिने रोज मनाशी म्हणते आहे. आणि तू दादाला म्हणालीस की मीच पुण्याला यायचा हट्ट केला, नाहीतर पोर एकटी सुटसुटीत गेली असती. दादाने मला सांगितलं. बोगद्यातून बाहेर पडल्यावरच्या त्या वळणावर ब्रेक न लागलेला ट्रक मागून येतो, यात तुझा हट्ट कुठे आला आणि माझा चहा कुठे आला? मी हे तुला सांगू शकते. स्वतःला सांगायला अजून शिकते आहे.

मला दिसतंय गं. मे महिन्यात तू रिक्षात दांडी धरून, डोळे मिटून बसली होतीस, अगदी राजवाड्यापासून घरापर्यंत. भजनी मंडळाच्या बाया सज्जनगडाला गेल्या, तू गुडघ्याचं कारण काढलंस. तुझे गुडघे जानेवारीपर्यंत चांगले होते. कुकरची शिट्टी झाली तेव्हा तुझ्या हातातली वाटी पडली. तू लगेच म्हणालीस, मनगटात जोर नाही. वाटी उजव्या हातात होती, आई.

म्हणून तुलाही डॉक्टरांना दाखवायचं आहे. साताऱ्यात दाखवू, पुण्याला यायची सक्ती नाही. मी बरोबर असेन. तोवर रात्री फार घाबरायला झालं तर १४४१६ लाव. टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलतात. नंबर कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. आणि तुझा अर्ज वेगळा करायचा आहे. अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा, अशी अट २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. १९ जुलैला आपली मुदत भरते. वकीलबाई म्हणतात, शेवटच्या आठवड्यावर ढकलायचं नाही.

तर मी २१ तारखेला शनिवारी कोयना एक्सप्रेसने येते. रस्त्याने नाही. शिंदवण्याला आगगाडीलाही बोगदे लागतात, पण तिथे मी डोळे उघडे ठेवून बसणार आहे, समुपदेशक बाईंशी ठरलंय. बाबा, माहुलीला स्टेशनवर घ्यायला येऊ नका, पावसात स्कूटर काढायची नाही. दादा येईल. तोवर एवढं करा. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, आईचे एक्स-रे, औषधांची बिलं, फिजिओथेरपीच्या पावत्या, रिक्षाच्या खर्चाची तुमच्या डायरीतली पानं, सगळं निळ्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा. एक चिठ्ठीही फेकू नका. आईचं आधार आणि बँकेचं पासबुक वर ठेवा. बीपीची गोळी रात्री नऊला, बातम्या संपल्यावर नाही. पावसाचं टेकडीवर चार भिंतींकडे फिरायला जाऊ नका, शेवाळ धरतं. अंगणातच फेऱ्या मारा. आईच्या उशाशी छोटा दिवा लावून ठेवला तर विजेच्या बिलाचं बोलू नका. मी इथे वेळेवर जेवते, पोळ्यांना बाई लावली आहे, चिऊ आता रात्रभर स्वतःच्या खोलीत झोपते आणि मी रात्री एकदाच उठते.

आणखी एक राहिलं, आई. त्या दिवशी तू कैरीच्या लोणच्याची मोठी बरणी दोन्ही पायांत धरून बसली होतीस. ती फुटली. लोक दार उघडेपर्यंत गाडीत मोहरीचा आणि हिंगाचा वास भरून राहिला होता. तेव्हापासून मी ताटात लोणचं घेत नाही. फेब्रुवारीत तू दादाबरोबर पाठवलेली बरणी मी शेजारच्या काकूंना दिली आणि तुला फोनवर छान झालंय म्हणून सांगितलं. क्षमा कर.

कैऱ्या अजून मिळत असतील तर या वर्षीचं घालायचं थांबवू नकोस. मी आले की दोघी मिळून फोडी करू. तुझ्या मनगटाला जोर पडू देणार नाही, अडकित्ता मी चालवीन, तू मसाला कालव. माझ्यासाठी अगदी लहान बरणी भर.

तुमची,
बाळी

ता. क. बाबा, फाइल निळीच. हिरवीत कोरेगावचे कागद आहेत, ते बाहेर काढू नका.