घरकुलाच्या ओल्या भिंती आणि घरातील खोकला: ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
ग्रामविकास विभाग, महाराष्ट्र शासन

सविनय नमस्कार.

राजापूर तालुक्यातील एका उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून २९ वर्षे काम करून मी निवृत्त झाले. हे पत्र घरांतील ओलीविषयी आहे. ते आरोग्य खात्याऐवजी आपल्याकडे पाठवण्याचे कारण असे की, ज्या खोकल्यावर आम्ही दर पावसाळ्यात औषध देत आलो त्याचे एक मूळ घराच्या बांधणीत आहे, आणि गरिबांची घरे आज बहुतांशी आपल्या विभागाच्या योजनांतून उभी राहतात.

एका साडेतीन वर्षांच्या मुलीचे सांगते. मृग लागला की पंधरा दिवसांत तिची छाती वाजू लागते. आईवडील तिला घेऊन रुग्णालयात जातात, नेब्युलायझर लावून आणतात, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. गेल्या श्रावणात मी त्यांच्या घरकुलात गेले. वर स्लॅब, भिंतींना सिमेंटचा गिलावा, त्यावर आकाशी रंग. पलंग नैर्ऋत्येच्या भिंतीला टेकवलेला होता. तो पुढे ओढला तेव्हा जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेले आणि त्याखाली पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, आलेला दिसला. वरच्या कोपऱ्यात छताला लागून काळ्या ठिपक्यांची बुरशी इतकी दाट होती की आधी ती काजळीच वाटली. खोलीला सरकत्या काचेची एकच खिडकी, आणि पाऊस आत मारतो म्हणून तीही जूनपासून बंद. दोरीवर ओले कपडे, आणि खाली निखाऱ्यांच्या शेगडीवर उपड्या घातलेल्या डाल्यावर धाकट्या बाळाची दुपटी सुकत होती. बंद खोलीत निखारे ठेवण्याचा धोका मी त्या माऊलीला समजावला, पण दुपटी सुकवायची कुठे, या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मुलगी आजोळी गेली की आठ दिवसांत खोकला थांबतो, असेही तिने सांगितले. आजोळचे घर जुने, कौलारू आहे.

एका मुलीवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मी जाणते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यात ओलसर व बुरशी धरलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा बळावणे यांचा धोका अधिक असतो, असे स्पष्ट म्हटले आहे. बुरशीचे बीजाणू श्वासावाटे आत जातात, ओलसर गाद्यांत धूळकिडे वाढतात, आणि ज्या खोलीतली हवा बदलत नाही तिथे क्षयाच्या रुग्णाजवळ निजणाऱ्याला लागण होण्याची शक्यताही वाढते.

इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा दगावला. कमी भाड्याने घरे देणाऱ्या सामाजिक गृहनिर्माण संस्थेच्या त्या घरातील बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे त्याला श्वसनाचा गंभीर विकार झाला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये चौकशीत निघाला. त्यानंतर २०२३ मध्ये तिथे कायदा झाला, आणि अशा घरांतील ओल व बुरशीची तक्रार ठरलेल्या मुदतीत हाताळणे घरमालक संस्थेवर बंधनकारक झाले. आपल्याकडे अशी तक्रार केली तर "कोकणात ओल असायचीच" एवढेच ऐकायला मिळते. मला हे उत्तर मान्य नाही, कारण इथलीच जुनी घरे त्याला खोटे ठरवतात.

ती घरे उंच जोत्यावर असत. छपराच्या पावळ्यांचे पाणी भिंतीपासून लांब पडे, भोवती पडवी असे आणि पाऊस सुरू होण्याआधी वाऱ्याच्या बाजूला नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचा आडोसा, म्हणजे झापांची झड, बांधली जाई, त्यामुळे पावसाचा मारा थेट भिंतीवर होत नसे. जांभा दगड सच्छिद्र आहे. तो पाणी ओढतो, पण त्यावर चुन्याचा गिलावा असला की ते पाणी बाहेरही पडते. वर कौलांच्या फटींतून हवा खेळत राही. आता त्याच जांभ्याच्या चिऱ्यावर आतून-बाहेरून सिमेंटचा घट्ट गिलावा बसतो. पहिल्या-दुसऱ्या पावसात त्याला बारीक तडे जातात, तड्यांतून पाणी शिरते आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्याने ते आतल्या बाजूला फुटते. माझ्या स्वतःच्या घरात आम्ही हौसेने असा गिलावा करून घेतला, ओल दिसताच ठेकेदाराच्या सल्ल्याने त्यावर आतून वॉटरप्रूफ रंगही दिला, आणि तिसऱ्या वर्षी ती सगळी भिंत खरवडावी लागली.

चुलीचे दिवस परत यावेत असे मी कधीही म्हणणार नाही. त्या धुराने खंगलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र चूल गेली तिच्याबरोबर धूर जाण्याचा झरोकाही गेला. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने स्वयंपाकघरात येते. त्यात भाताची वाफ, माणसांचे श्वास आणि सुकणारे कपडे यांची भर पडते. झरोका नसला की हे सारे पाणी रात्री गार भिंतीवर बसते.

इथे अभियंते एक रास्त शंका काढतात. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असते, मग खिडक्या वाढवून काय साधणार? बाहेरच्या हवेने ओली भिंत सुकणार नाही, हे खरेच आहे. म्हणूनच पाऊस आणि जमिनीतली ओल भिंतीत शिरू न देणे हे पहिले काम आहे, आणि घरात तयार होणारी वाफ व बीजाणू बाहेर जातील अशी वाट ठेवणे हे दुसरे.

राष्ट्रीय इमारत संहितेत यासंबंधीची मापे आधीच आहेत. जोते आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर उंच असावे आणि उष्ण-दमट हवामानात खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश असावे, असे ती सांगते. प्रधानमंत्री आवास योजनेतील किमान २५ चौरस मीटरच्या घराचा हिशोब केला तर चार फूट बाय तीन फुटांच्या चार खिडक्या होतात. मी वर सांगितलेल्या खोलीला एक होती, आणि तिच्यावर पुढे आलेले छप्पर नसल्याने ती उघडताच येत नव्हती.

माझी मागणी अनुदान वाढवण्याची नाही, वाढवले तर हवेच आहे. घरकुलाचा हप्ता बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळतो आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढले जाते. त्या छायाचित्रात जोते दिसते, पण त्याची उंची कळत नाही आणि जोत्यावर ओल अडवणारा डीपीसीचा थर घातला की नाही हेही कळत नाही. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांपुरते तरी जोत्याच्या टप्प्यावर उंची आणि डीपीसी, आणि छताच्या टप्प्यावर खिडकीवरचा रुंद छज्जा, हवा आरपार जाण्यासाठी भिंतींत समोरासमोर ठेवलेली उघडी जागा व स्वयंपाकघराचा झरोका अभियंत्याने प्रत्यक्ष पाहून नोंदवावा. त्यासोबत चिऱ्याची भिंत, चुन्याचा गिलावा आणि उतरते छप्पर असलेला कोकणासाठीचा नमुना आराखडा ग्रामपंचायतीत लावावा, म्हणजे लाभार्थ्याला गवंड्याशी बोलताना आधार मिळेल. आधीच ओल धरलेल्या घरांची पाहणी आशा सेविकांच्या गृहभेटीत सहज होऊ शकेल; त्यासाठी आरोग्य विभागाशी आपण बोलावे.

कोकणात पायाचे खोदकाम दिवाळीनंतर सुरू होते. परिपत्रक दसऱ्यापर्यंत पंचायत समित्यांना पोहोचले, तर या हंगामातली जोती त्यानुसार उठतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी