मोडी कागदांचे राहून गेलेले टप्पे

महोदय,

वडोदऱ्यातील अनेक मराठी घरांनी माळ्यावरचे मोडी कागद खाली काढून त्यांची मोबाइलवर छायाचित्रे घेतली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु बहुतेक ठिकाणी काम तेथेच थांबते आणि मधले टप्पे गाळून कागदावरून थेट इतिहास सांगण्याची घाई होते, याची मला मनापासून काळजी वाटते.

आमच्या दांडिया बाजारातील घरी असलेले एक पत्र पानिपतच्या साली, म्हणजे १७६१ मध्ये लिहिलेले, असे आम्ही तीन पिढ्या सांगत आलो. गेल्या वर्षी मी त्यातील कालनिर्देश एकेक अक्षर लावून वाचला, तेव्हा ‘सीत सबैन मया व अलफ’ असे निघाले. सहा, सत्तर, शंभर आणि हजार मिळून शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतील, अरबी आकडेशब्दांत लिहिली जाणारी कालगणना) ११७६. हे साल मृगापासून सुरू होते, म्हणून डिसेंबरपर्यंतच्या तारखेसाठी त्यात ५९९ आणि पुढच्या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. म्हणजे पत्र १७७५-७६ मधले ठरले.

यासाठीच आधी प्रत्येक कागदाला क्रमांक द्यावा, तो कोणत्या रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात, होता ते लिहावे आणि मग कोणी, कोणास, कोठून, केव्हा व कशाबद्दल लिहिले एवढी एका ओळीची नोंद करावी. माझ्या मते ही यादीच सर्वांत मोलाची, कारण नोंदलेला कागद पन्नास वर्षे कोणी वाचला नाही तरी अभ्यासकाला सापडतो. लिप्यंतर, म्हणजे मोडीतला मजकूर देवनागरीत उतरवणे, त्यानंतरचे. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत, त्यामुळे शंकेचे अक्षर शंकेचेच दाखवावे, आपला तर्क कंसात ठेवावा आणि दुसऱ्या जाणकाराकडून वाचन तपासून घ्यावे. अर्थ लावणे सर्वांत शेवटी.

याच शहरातील प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकि रामायणाची चिकित्सित आवृत्ती सात खंडांत प्रसिद्ध केली, ती ठिकठिकाणच्या हस्तलिखितांतील पाठभेद श्लोकाश्लोकाने टिपल्यावरच.

मोडीचे वर्ग चालवणाऱ्या संस्थांनी प्रत्येक विद्यार्थ्याकडे एकेक रुमाल यादीसाठी सोपवावा आणि गोषवारा मराठीबरोबर गुजरातीतही लिहून घ्यावा, कारण आमची पुष्कळ मुले आता गुजराती अधिक सहज वाचतात. आमच्याकडील एकशे चाळीस कागदांची यादी पुरी झाली आहे, लिप्यंतर एकतीस कागदांचे; ते तपासून देणारा जाणकार मिळाल्यास मी ऋणी राहीन.

आपला,
एक वाचक, वडोदरा