शिक्का राहू द्या, तपासणीही होऊ द्या

संपादक महोदय,
माल इस्लामी नियमांनुसार आहे असे सांगणाऱ्या हलाल प्रमाणपत्रावरून सध्या बरीच आदळआपट चालू आहे. देशांतर्गत विक्रीसाठी हे प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचे नाही. खासगी संस्था शुल्क घेऊन ते देतात. आखाती देशांत मांस पाठवायचे तर मात्र ते लागते. उत्तर प्रदेशाने नोव्हेंबर २०२३ मध्ये निर्यात वगळून हलाल शिक्क्याच्या मालावर बंदी घातली. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये झटका म्हणजे एका घावात कापलेल्या मटणासाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र आले. माझ्या मते दोन्ही असू द्यावीत, ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. फक्त शुल्क किती आणि तपासतो कोण, हे ग्राहकाला कळले पाहिजे. बंदी घालून कुणाच्या ताटात डोकावणे मला पटत नाही.

आमच्या आठवडी बाजारात गटाराच्या कडेला लाकडी ठोकळ्यावर मटण तोडतात, वर माश्या घोंगावत असतात. बोकड निरोगी होता का, हे कुणी सांगत नाही. हलाल खाणारा आणि न खाणारा, दोघेही तेच मटण घरी नेतात. नगर परिषदेने कत्तलीपूर्वी पशुवैद्यकीय तपासणी सुरू करावी आणि तिचा दाखला दुकानात लावायला लावावा.

– एक ग्राहक, जि. परभणी