कार्ड डिक्लाइन झालं तर: डेक्कन शाखेच्या सर्व्हिस स्टाफसाठी

मंडळी, शनिवारी रात्री सात नंबर टेबलावर आपल्यातल्या एकाने "काका, कार्ड डिक्लाइन झालंय" हे पार पाण्याच्या कूलरपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. समोर काकांचे व्याही बसलेले. काका नुसतेच पाकीट चाचपत राहिले. हे पुन्हा नको.

वाकून, हळू आवाजात एवढंच म्हणा, "सर, मशीन घेत नाहीये, एकदा काउंटरवर बघू या का?" पुढचं बोलणं तिथे. खात्यात पैसे नसतील असं धरून चालू नका. बिल ५,००० रुपयांच्या वर असेल तर टॅपलाही पिन लागतो. कार्ड मशीनमध्ये घालून बघा. पिन दोनदा चुकला तर तिसऱ्यांदा आग्रह नको, कार्ड ब्लॉक होऊ शकतं. सरळ यूपीआय किंवा रोख विचारा. पिन गिऱ्हाइकानेच दाबायचा, घाई कितीही असो.

पैसे कापल्याचा मेसेज आला पण आपल्याकडे पेमेंट दिसत नाही? वाद न घालता मला हाक मारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशी रक्कम ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी, त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई. डिक्लाइनची स्लिप बिलाला टाचून गल्ल्यावर द्या.

वाचलं असेल तर खाली 'ओके' टाका. रात्रपाळीवाल्यांनीसुद्धा.